रिकामा काटा

पहिलं पोतं चढण्याआधी
रिकामा काटा दाखवतो ऐंशी ग्रॅम.
रात्रभराची धूळ, चार बिया, एखादं देठ,
कधी नुसतंच दव.
मी फडक्याने पुसतो, बटण दाबतो,
लाल आकडे दचकतात
आणि शून्यावर येऊन थांबतात.
नंदुरबारच्या मिरचीबाजारात
बावीस वर्षं हेच माझं काम.

दीना म्हणते, तुझी प्रार्थनाही तशीच.
खरंय तिचं. मला मोठं मागता येत नाही.
पहाटे चारला खाटेच्या कडेवर बसतो,
डोक्यावर पंख्याचा खडखडाट,
अंगावर रात्रीचं सगळं साचलेलं:
अलिशाने बांध कोरला त्याचा राग,
मिरजेला शिकणाऱ्या पोरीचा न आलेला फोन,
शेठने चारचौघांत मारलेली हाक.
म्हणतो, प्रभू, हे पूस.
एवढंच.
आमेन म्हणायचंही कधी राहून जातं.

सगळं पुसलं जात नाही.
तीन वर्षांपूर्वी तर मीच अडकलो होतो.
कोणी हसलं की मला रडू यायचं.
ताटातली भाकरी तळहातावर घेऊन
बसून राहायचो, ती थंड होईपर्यंत,
जणू तिचं वजन कोणीतरी विचारलंय.
पाळक आमोस वळवी घरी आले,
डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली,
मग खिशातून चिठ्ठी काढली,
धुळ्याच्या एका डॉक्टरचा पत्ता.
"दोन्ही कर," म्हणाले,
"चष्मा लावून शास्त्र वाचतोस,
त्याने देवाचा अपमान होतो का?"
तेव्हापासून रात्री अर्धी पांढरी गोळी
आणि एक स्तोत्र.
आधी कोणतं, यावर दीनाशी
माझा वाद अजून मिटलेला नाही.

रविवारी मी काट्याला हात लावत नाही.
शेठ चिडतो, हंगामात तर फारच.
"सकायले येजो भो, मिरची वल्ली व्हयी जाई."
मी नाही म्हणतो, हळूच.
बाकी सहा दिवस माझा अंगठा
मापाला कधी लागत नाही, हे त्याला ठाऊक आहे,
म्हणून तर ठेवलंय मला.

हेही पूर्ण खरं नाही.
एकदा लावला होता. पहिल्याच वर्षी,
तेव्हा लोखंडी तागडी होती,
डोक्यावर गाठोडं घेऊन आलेल्या एका म्हातारीच्या मालाला.
तिचं नाव विचारलं नव्हतं.
त्यामुळे माफी देवाकडे मागून झाली,
तिच्याकडची तशीच राहिली.

मागल्या नोव्हेंबरात
उपासना अर्ध्यावर आली आणि पत्र्यावर टपटप.
गावाबाहेर पथारीवर लाल मिरची उघडी,
नजर जाईल तिथवर.
माल शेठचा, पण देठं खुडणाऱ्या बाया
निम्म्या तर इथेच बाकांवर बसलेल्या.
सगळे एकमेकांकडे बघेनात.
मी चपलांच्या रांगेकडे बघत राहिलो,
नियम माझाच होता ना.
पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, पुस्तक मिटलं:
"उरलेला उपदेश ताडपत्रीखाली. उठा."

मग पांढरे सदरे, ठेवणीतल्या साड्या,
चिखल, खोकला, डोळ्यांत आग.
ताडपत्रीचं एक टोक शेठच्या हातात, एक माझ्या.
वारा भरला की तो खेचला जायचा, मी मागे रेलायचो,
मग मी खेचला जायचो, तो रेलायचा.
बराच वेळ असंच.
बोललो काहीच नाही.

सोमवारी काट्यावर
ओली देठं, चिखलाचे पाय,
रिकामा असताना दोन किलो.
पुसलं. बटण दाबलं.
आकडे थरथरत राहिले.
समोर नवापूरकडचा एक पोरगा,
पहिल्यांदाच माल घेऊन आलेला,
घाईघाईने वहीत लिहायला लागला.
मी त्याचा हात धरला.
म्हटलं, थांब जरा,
आत्ताचा आकडा खरा नाही.